ओला लेप

लेप कालवण्यात धाकटीचा हात कुणी धरू शकत नसे. घमेल्यात राखाडी पूड, वर पाण्याची बेताची धार आणि थापीने घोटणं; एक गुठळी दिसली तर शपथ! इमारतीतल्या लांब बोळाला ओळीने दारं होती, आणि प्रत्येक दारामागे एकेक सरलेला काळ. लोक आत जाऊन आपल्या जुन्या दिवसांत घटकाभर बसून यायचे. एखादा काळ फारच डोईजड झाला, की त्याचं दार कायमचं लिंपायचं, हे धाकटीचं काम. चाळिशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. आईने तशी सवयच लावली होती ना सगळ्यांना!

आज युद्धाची पाळी होती.

तसं युद्ध कधीच संपलेलं. पण लोक त्याला संपू देतील तर ना! कुणी आत जाऊन नवऱ्याला वाचवायचं, तर त्याच्या जागी शेजारचा जायचा. मग शेजारीण पदर खोचून हजर. या ओढाताणीत युद्ध लांबतच चाललं होतं. शेवटी वरून हुकूम आला, लिंपून टाका.

धाकटीची आईही नेमाने आत जायची, दादाला बघायला. तो सुट्टीवर घरी आला होता त्या दुपारी समोरच्या इमारतीच्या खिडकीत बसायची आणि त्याला जेवताना बघून परतायची. "अजून तसाच उजवा खांदा पाडून चालतो गं," असं येऊन सांगायची. त्याच दुपारी, आई कामावर असताना, बॉम्ब पडून घराचा जिना कोसळला होता. दादाने लहानग्या धाकटीला काखेत धरून उचललं आणि रस्त्यावर भिरकावलं. ती वाचली, तो जिन्याखाली गेला. तिच्या कोपरावर त्या दिवसाचा वण होता, चांगला बोटभर.

"आई, आज वेळेवर बाहेर ये गं. घोळ घालू नकोस," दारापाशी धाकटी म्हणाली.

"मी कधी घोळ घालते? घोळ घालणारी तू. लहानपणापासून."

"आणि रडत बसू नकोस."

"रडायला काय झालंय मला?" असं म्हणून आई चक्क हसली. या दारापाशी हसलेलं माणूस धाकटीने आजवर पाहिलं नव्हतं. पण लेप वाट बघत होता.

आत जाताना प्रत्येकाने बूट बाहेरच्या फळीवर काढायचे आणि टोपलीतल्या कापडी सपाता घालायच्या, म्हणजे इकडची पावलं तिकडे वाजत नाहीत. फळीवर बूट उरले नाहीत की आत कुणी उरलं नाही, असा सरळ हिशेब. सपाता मोजायची पद्धतच नव्हती. सपाता चोरून कोण काय करणार?

दुपारी सगळे एकदम बाहेर पडले. डोळे पुसणारे, एकमेकांना धरून चालणारे. त्या गर्दीत धाकटीला आई पाठमोरी दिसली. कुणीतरी तरुण मुलगा डोक्यावरून शाल घेऊन तिला हाताला धरून नेत होता. माणुसकी आहे म्हणायची अजून, असं वाटून धाकटीला बरं वाटलं. फळी रिकामी झाली आणि तिने दार लिंपायला घेतलं.

लेप एरवी चहा होईस्तोवर वाळतो. तिने अंगठा दाबून पाहिला. अंगठा रुतला.

चहा झाला. पुन्हा दाबला, पुन्हा रुतला.

"आतल्या माणसांत एक कमी किंवा एक जास्त असलं, की हा वाळायचा नाही," मुकादम म्हणाले. वर्षानुवर्षांचा जाणता माणूस, पण आवाज खाली आला होता. "आपलं कुणी आत राहिलंय, नाहीतर आतलं कुणी बाहेर आलंय. आलं असेल तर परत धाडावं लागणार, नाहीतर त्याच्या बदली दुसरं कुणी आत जायला हवं."

फळी तर रिकामी होती. धाकटीने उगाच टोपलीत डोकावलं आणि सपातांच्या जोड्या लावल्या. एक जोड कमी.

शालीखालचा तो मुलगा उजवा खांदा जरा पाडून चालत होता. खांदा पाडून कोण चालायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"मुकादम," तिने तोंड उघडलं.

"बोला ना." मुकादमांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कुठल्या विभागातून आलात, बाई?"

थट्टाच असणार. वीस वर्षं एका डब्यात जेवले होते दोघं. ती बाहेर पडली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला रोज तिची टर उडवल्याशिवाय चैन पडत नसे. आज तो तिला बघून अदबीने उठून उभा राहिला.

बसमध्ये कोपर खाजत होतं. तिने बाही वर केली. कातडी गुळगुळीत होती.

घराच्या दारात आईचे बूट होते. शेजारी कापडी सपाता.

तिच्या किल्लीने कुलूप उघडेना. तिने दार वाजवलं.

आईने दार उघडलं. इतका उजळलेला चेहरा धाकटीने तिचा जन्मात पाहिला नव्हता. मागे पलंगावर दादा पालथा झोपला होता, केसांत चुन्याची धूळ. त्याचा श्वास इथवर ऐकू येत होता.

"हळू बोला हं, मुलगा झोपलाय. कोण हवंय?"

 आई, मी. एवढंच धाकटीला म्हणायचं होतं. आणि मग मुकादमांना सांगायचं, आणि मग ते येऊन त्याला उठवणार.

"दमलेल्या दिसता. पाणी देऊ?" आई तिच्याकडे बघतच राहिली. "दुपारपासून काय होतंय कोण जाणे! काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. गॅस बघितला, नळ बघितले. सगळं आहे जागच्या जागी." ती थांबली. "मला मुलगी होती एक. जिन्यात गेली, एवढीशी. असती तर तुमच्याच वयाची असती."

आत दादाने कूस बदलली.

"घर चुकले मी," धाकटी म्हणाली. "त्याला झोपू द्या."

आईने दार हळूच लोटून घेतलं. धाकटी कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.

अंगठ्यावर काहीतरी ओढल्यासारखं झालं, म्हणून तिने पाहिलं. दुपारचा लेप खडखडीत वाळला होता.