तिसरा ठसा

निर्जंतुक कक्षातून बाहेर पडण्याचा एक विधी होता. आधी वाऱ्याच्या झोताखाली उभे राहायचे, मग कोपरापर्यंत हात आणि मानेपर्यंत चेहरा जंतुनाशकाने धुवायचा, आणि मगच स्वतःचे कपडे अंगात चढवायचे. शाल्मली खैरमोडे हा विधी इतक्या निष्ठेने करी की सहकारी म्हणत, "हिच्या हातावर एखादा जंतू बसलाच, तर बिचारा एकटेपणानं मरेल."

त्या संध्याकाळी हात कोरडे करता करता तिने फोन पाहिला. गृहनिवास महामंडळाचा निरोप होता. "आपल्या सदनिकेत दोन व्यक्तींचे वास्तव्य आढळते. कुटुंबवसाहतीसाठी किमान तीन आवश्यक. तीन महिन्यांत पूर्तता न झाल्यास करार रद्द होईल."

घरात माणसे तीन होती. नवरा ओजस, सहा वर्षांची जुई आणि ती स्वतः.

तिला आधी हसूच आले. माणसे मोजणारे ते यंत्र तिनेच तर बनवले होते.

पुण्यात घर शोधण्यात नवराबायकोने दीड वर्ष घालवले होते. परवडेल ते घर एका खोलीचे, आणि त्याचाही मालक जुईकडे बघून म्हणे, "लहान मूल आहे, भिंती खराब होतील." शेवटी शहरापासून तीन तासांवर, खंबाटकीच्या पलीकडे सुरूरला महामंडळाने भाड्याची वसाहत उभारली. भाडे आवाक्यातले आणि अट एकच: घर मिळेल ते फक्त कुटुंबाला. अट आली तशी पळवाटही आली. चार मित्र एखाद्या काकूंना 'आई' करून घर घेऊ लागले. लग्नाचे दाखले विकत मिळू लागले. कागदावर विश्वास उरला नाही, तेव्हा महामंडळ डॉ. इरफान मुलाणींच्या प्रयोगशाळेत आले, आणि मुलाणींच्या हाताखाली शाल्मलीने कडीवाचक तयार केला.

"सर, आपलं यंत्र चुकलंय," तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

मुलाणींनी निरोप वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "बस. तोंडी परीक्षा घेतो. कडीवाचक काय मोजतो?"

"सर, मीच बनवलाय तो."

"म्हणून तर. आपलं कार्टं कुठं चुकतं, ते आईला दिसत नाही."

शाल्मलीने सुस्कारा सोडला. "प्रत्येक माणूस तासाला लाखो सूक्ष्मजीव सांडतो. कातडीवरचे, श्वासातले. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, तो त्याचा ठसा. दाराच्या कडीतली जाळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावरून ते उचलते आणि वाचते. आता, एकत्र राहणाऱ्यांचे ठसे एकमेकांत मिसळतात. उशी, टॉवेल, ताट, मिठी. काही आठवड्यांत प्रत्येकाच्या अंगावर बाकीच्यांची वस्ती होते. तो सहवासठसा. नातं खोटं सांगता येतं, सहवास खोटा सांगता येत नाही."

"ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला," मुलाणी म्हणाले. "माझे आजोबा सांगायचे. आपण सिद्ध केलं की वाणही लागतो. पुढे. यंत्र एखाद्याला घरचा कधी म्हणतं?"

"त्याचा ठसा घरातल्या दुसऱ्यांच्या अंगावर सापडला तर. नुसता कडीवर सापडला तर तो पाहुणा."

"छान. तू घरी किती वेळ असतेस?"

तिने मनात मोजले. पहाटेची बस, रात्रीची बस. रविवारीही पुष्कळदा प्रयोग चालू असत. "झोपण्यापुरती."

"आणि इथून निघतेस कशी?"

शाल्मलीने आपल्या हातांकडे पाहिले. जंतुनाशकाने ते कागदासारखे पांढरे पडले होते.

"तुझ्या अंगावर सांडायला काही उरतच नाही," मुलाणी हळू आवाजात म्हणाले. "यंत्र बरोबर आहे, शाल्मली. तू त्या घरात राहत नाहीस. मुक्कामाला जातेस."

घरी पोहोचल्यावर तिने ओजसला सांगितले. तो यंत्रांचे आराखडे काढण्याचे काम घरूनच करी. ते काम कधी असे, कधी नसे. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. भात गरम करू?"

नोकरी सोडावी तर भाडे भरायचे कसे? हात धुणे सोडावे तर कक्षात पाऊल टाकता येणार नाही. शाल्मलीने ही अडचण कुठल्याही प्रयोगासारखी सोडवायला घेतली. सहवासाला वेळ नसेल, तर सहवास सोबत न्यावा. घरातल्या एकाच उशीवर ओजस आणि जुई आळीपाळीने झोपू लागले. पहाटे त्या उशीचा अभ्रा काढून ती पिशवीत घेई. परतीच्या बसमध्ये तो मानेमागे लावून झोपे, आणि घरी आल्यावर पुन्हा त्याच उशीला चढवी. म्हणजे तीन तास घरचे जीव तिच्या अंगावर रुजणार, आणि तिचे घरी पोहोचणार. हिशोब तिला निर्दोष वाटला.

बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे. कात्रजचा बोगदा येईपर्यंत सगळे झोपलेले असत. ज्यांचा अर्धा दिवस प्रवासात जातो, त्यांना ओळख वाढवणे परवडत नाही. शाल्मलीच्या शेजारी दोन वर्षे एकच बाई बसत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हातात डब्याची पिशवी, साडीला कापराचा वास. नाव माहीत नव्हते. घाटात बस वळली की त्यांचे डोके शाल्मलीच्या खांद्यावर येई. आता ते अभ्र्याच्या कडेवर टेके. शाल्मली त्यांना उठवत नसे. तेवढी माणुसकी बसमध्ये होती.

"आई, उशीला कसला तरी वास येतो," एका रविवारी जुई म्हणाली.

"धुऊ का?"

"नको. छान आहे."

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी निरोप आला. "वास्तव्य: तीन व्यक्ती. करार कायम." शाल्मलीने बसथांब्यावरून कंदी पेढे घेतले आणि सकाळी मुलाणींच्या टेबलावर पुडा उघडला. त्यांनी पेढा उचलला, दुसऱ्या हाताने सुरूरच्या कडीचे तपशील पडद्यावर आणले, आणि पेढा तसाच खाली ठेवला.

"शाल्मली, हा तिसरा ठसा तुझा नाही."

"म्हणजे?"

"एक बाई आहे. पन्नाशीच्या पुढची. जुईच्या हातावर आहे, ओजसच्या हातावर आहे. तू अजून पाहुण्यांतच आहेस." ते जरा घुटमळले. "कोण राहतं गं तुमच्याकडे?"

क्षणभर तिच्या मनात तेच आले, जे कुठल्याही बायकोच्या मनात आले असते. मग तिला कापराचा वास आठवला.

"नांगरलेलं रान, सर," ती म्हणाली. "इथून निघते तेव्हा माझी कातडी नांगरलेलं रान असते. शेजारी जो बसेल, त्याचं बी रुजणार. मी घरी स्वतःला नेतच नव्हते. मी बसमधल्या शेजारणीला नेत होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना आपण हेच शिकवतो!"

"शिकवतो," मुलाणी म्हणाले. "स्वतःला वगळून."

घर मात्र वाचले होते. शाल्मलीने मनाची समजूत घातली की मोजणी कुणाची का होईना, तीन झाली. पण पुढच्या सोमवारी शेजारचे आसन रिकामे होते. मंगळवारीही. आठवडा झाला. उसना ठसा रोज नवा पडला नाही तर काही आठवड्यांत पुसला जातो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तिचे घर एका अनोळखी बाईच्या डुलक्यांवर उभे होते, आणि त्या बाईचे तिला नावही माहीत नव्हते.

"महामंडळाच्या सगळ्या कड्यांच्या नोंदी आपल्याकडेच येतात ना?" तिने मुलाणींना विचारले. "हा ठसा आणखी कुठे आहे का, बघा."

"हे नियमात बसत नाही."

"सर, माझं घर आहे."

त्यांनी शोध घेतला. उत्तर आले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचले. मग पडदा तिच्याकडे वळवला. रोहिणी भणगे. एकल-निवास, सुरूर. म्हणजे एकट्या माणसांसाठीच्या खोल्या, शाल्मलीच्या इमारतीच्या मागच्याच रांगेत. पुढे लिहिले होते: "खोली रद्द. कारण: अनधिकृत कुटुंब. दोन सहनिवासी, एक पुरुष, एक बालक."

अभ्रा दोन्हीकडून काम करत होता. ओजस आणि जुई त्या बाईंच्या खोलीत राहायला गेले होते. तिथेही शाल्मली नव्हती.

रविवारी ती ओजसला आणि जुईला घेऊन मागच्या रांगेत गेली. पहारेकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोहिणीबाई एका बॅगेवर बसल्या होत्या. शाल्मलीला पाहून त्या ओळखीचे हसल्या.

"तुम्ही ना? खिडकीवाल्या?"

"हो. तुम्ही बसला येत नाही, म्हणून..."

"येणार कशी? आठ दिवस ऑफिसात खेटे घालतेय. शहरात दवाखान्याच्या धुलाईत होते, तेही गेलं." त्यांनी पदर सारखा केला. "म्हणे, तुमच्या खोलीत माणसं राहतात. एक लहान मूलपण आहे. मी विचारलं, साहेब, केवढं आहे हो? तर म्हणाला, पाच-सहा वर्षांचं असेल. खोटं कशाला सांगू, त्यानंतर दोन दिवस मी खोलीत बघत होते. खरंच कुणी दिसतंय का."

शाल्मली त्यांच्यासमोर खाली बसली. तेवढ्यात जुई पुढे गेली, त्यांच्या पदराजवळ नाक नेले आणि वळून मोठ्याने म्हणाली, "बाबा, ही तर माझ्या उशीतली आजी!"

मग शाल्मलीने सगळे सांगितले. अभ्रा, कडी, नांगरलेले रान, सगळे. रोहिणीबाईंनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत.

"तेलाचा वास यायचा त्या फडक्याला," त्या म्हणाल्या. "पोरांच्या डोक्याला लावतात ना, तसला. झोप तर यायची नाही मला. उगीच डोळे मिटून टेकायची."

त्या दिवशी बॅग ओजसने उचलली आणि घरी आणली. महामंडळाने नाते विचारले नाही. कडी बोलली की पुरे, असाच नियम होता, आणि तो शाल्मलीनेच सुचवलेला होता. रोहिणीबाईंना वसाहतीच्या पाळणाघरात काम मिळाले. त्या जुईला शाळेतून आणत, वेणी घालत, ओजसशी भाजीवरून वाद घालत. रात्री ओजसला भात गरम करण्याची वेळ येईनाशी झाली. महिन्याच्या महिन्याला निरोप येई. "वास्तव्य: तीन व्यक्ती. ओजस, जुई, रोहिणी. करार कायम." खाली बारीक अक्षरांत असे: "पाहुणे: एक."

घर आता कुणी काढून घेऊ शकत नव्हते. शाल्मलीला हेच तर हवे होते.

चैत्रातल्या एका रविवारी तिला प्रयोगासाठी जावे लागले. ती चपला घालत होती, एवढ्यात जुई हातात कुंकवाची कोयरी घेऊन धावत आली.

"थांब, थांब! वाक ना खाली."

"हे काय गं?"

"आजी म्हणते, घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही." जुईने जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन, आईच्या कपाळावर मोठे कुंकू टेकवले. "आता जा. आणि परत ये हं."

आतून रोहिणीबाईंचा गोंधळलेला आवाज आला, "अगं जुई, आईला नाही गं तसं..." आणि मग तोही थांबला.

"येते," शाल्मली म्हणाली आणि कडी ओढून घेतली.

बसमध्ये तिने कपाळाला हात लागू दिला नाही. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर तिने कपडे बदलले आणि ती निर्जंतुक कक्षाच्या दाराशी आली. तिथल्या आरशात ते कुंकू थोडे वाकडे, एका बाजूला ओघळलेले दिसत होते. त्यात एका बोटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. आरशाखालची पाटीही तिनेच लिहिलेली होती: चेहरा स्वच्छ धुतल्याशिवाय आत येऊ नये.

तिने हात पुढे केले. पाणी आपोआप सुरू झाले.