काटा पासष्टवर

कप्तानांना एकंदर माणसांचाच तिटकारा होता, आणि शिकाऊ वैमानिकांचा तर फारच. फळ्यापाशी उभे राहून ते रोज तेच ऐकवत.

"इंजिन बंद पडलं की नाक खाली, काटा पासष्टवर. त्या वेगाला विमान सगळ्यात लांब तरंगतं. नाक वर ओढलंत की पंखाचा वाऱ्याशी कोन वाढतो, पंख हवा सोडतो आणि तुम्ही धोंड्यासारखे पडता. यात न कळण्यासारखं काय आहे?"

मग भाच्याचं उदाहरण. बहिणीचा एकुलता एक मुलगा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मैदानावर मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, अशी त्याला ताकीद होती. गेल्या वर्षी इंजिन बंद पडलं. समोर धावपट्टी दिसत होती, म्हणून पठ्ठ्यानं पोचायच्या घाईत नाक वर ओढलं आणि कुंपणाच्या अलीकडे कोसळला. जागीच गेला.

"गाढव होता," असं म्हणून कप्तान फळा पुसत. बहिणीनं बोलणं टाकलं, तेव्हा म्हणाले, तीही तसलीच.

त्या दुपारी नवी मुलगी होती. हिच्या हातात सायकलही देऊ नये, असं पुटपुटत ते शेजारी बसले. विमान दोनच सीटचं, मागे फक्त सामानाची फळी. वर गेल्यावर त्यांनी इंजिनाची ताकद काढून घेतली.

"बंद पडलं इंजिन. उतरव."

सगळं शांत झालं. नुसता वाऱ्याचा सुस्कारा. काटा पासष्टवर आला, थांबला आणि खाली सरकू लागला. साठ... पंचावन्न...

"ओढू नकोस."

धोक्याचा भोंगा कण्हू लागला. कुठूनसा पेट्रोलचा आणि उकरलेल्या मातीचा वास आला.

"अगं ए, अक्कल गहाण टाकलीस का? ओढू नकोस!"

"सर... मी ढकलतेय."

कप्तानांनी खाली पाहिलं. नाक वर-खाली करायचे दोघांपुढचे दांडे एकमेकांना जोडलेले. ती दोन्ही हातांनी पुढे रेटत होती. मागे ओढत होते ते त्यांचे स्वतःचे हात. बोटं सुटता सुटेनात.

मागून, फळीकडून, दबका आवाज आला. "थोडंच राहिलंय... दिसतेय..."

"सोड, गाढवा!" कप्तान ओरडले. मुठी आणखी आवळल्या. विमान थरथरू लागलं.

"पोचू आपण," मुलगी हळूच म्हणाली. तिला वाटलं, सरच घाबरलेत. "नाक खाली असू द्या. नक्की पोचू."

दांडा सैल झाला. काटा पासष्टवर चढला, कुंपण खालून गेलं आणि चाकं टेकली.

विमान थांबल्यावर कप्तानांचा आवाज परत आला. "भेकड कुठली! शेवटी कोणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशी, सर. पण..." तिनं मागे वळून फळीकडे पाहिलं. "'पोचलो ना, मामा?' असं आत्ता कोण म्हणालं?"

कप्तान दार उघडायला गेले. पण हात दारापर्यंत पोचेनात. दोन्ही मुठी छातीकडे ओढल्या जात होत्या.