रंग राहिलेली सायकल

आरे कॉलनीच्या मातीच्या वाटेवर अपूर्वा सायकल उभी करून हात झटकत होती. बोटांना नुसत्या मुंग्या! वर्षापूर्वी मोडलेलं मनगट, त्यात ती कडक ॲल्युमिनियमची सायकल. वाटेतला एकेक खडा थेट खांद्यात.

"माझी घेऊन बघतेस? पोलादाची आहे," मागून आवाज आला.

हा मार्तंड, याच वाटेवर नेहमी भेटणारा. मालाडला खिडक्यांचे ग्रिल बनवायचा आणि हौस म्हणून सायकली. त्याची सायकल दिसायला काळीसावळी, उचलायला जड. अपूर्वा नाक मुरडूनच बसली. पण झाडांच्या मुळांवरून, दगडांवरून गेली आणि... अगंबाई! धक्का येत होता, पण अंगावर येत नव्हता. फ्रेम किंचित दबायची, पुन्हा सावरायची.

"ही तर समजूतदार आहे रे!"

"तुझ्या मापाची करून देऊ एक?"

झालं, गडी कामाला लागला. तीन आठवड्यांत सायकल तयार, रंग तेवढा राहिला. आणि इथेच मार्तंडची पंचाईत झाली. रंग दिला की अपूर्वा ती घेऊन बोरिवलीला घरी जाणार. मग दर शनिवारी वर्कशॉपवर कशाला येईल? तिचं ते स्टुलावर पाय हलवत बसणं, कटिंग चहा पिताना ग्लासावरून हळूच बघणं... छे! सरळ विचारावं, तर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

मग दर शनिवारी नवी थाप. तिने चक्कर मारून "मागून जरा उडते रे" म्हणायचं, याने "मागचा वेल्डिंगचा जोड बदलतो" म्हणायचं. बदलतोय डोंबल!

चौथ्या शनिवारी ती भुरभुर पावसातून चक्कर मारून आली.

"काल संध्याकाळीच नवा जोड मारलाय," मार्तंड नजर चुकवत म्हणाला.

अपूर्वाने वाकून जोडावरून अंगठा फिरवला. अंगठा तांबडा झाला.

"कालचा? आमच्या घरच्या खिडकीच्या ग्रिललासुद्धा एवढा गंज धरायला महिना लागतो."

मेलाच बिचारा! कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"खोटं बोललो, अपूर्वा... सायकल कधीचीच तयार आहे. रंग दिला असता तर तू नेली असतीस. मग आली नसतीस... आणि मला तू यायला हवी आहेस. शनिवारी. म्हणजे... रोजच."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. आता अपूर्वा सायकल उचलून चालती होणार, असं त्याने मनाशी धरलंच.

"पहिल्याच शनिवारी झकास चालली होती," ती खाली बघत म्हणाली. "मागून उडते म्हणे! कुठे उडते? मला परत यायचं होतं, येड्या."

मार्तंडला हसावं की रडावं कळेना.

"मग... रंग कुठला देऊ?"

अपूर्वाने तो तांबडा अंगठा त्याच्या गालावर ओढला.

"हा. सुकायला किती दिवस लागतात?"

"दोन."

"दोन्ही दिवस येते. तिसऱ्या दिवशी तू बोरिवलीला यायचं. आई कधीची विचारतेय, कोण गं तो सायकलवाला, ज्याची एक सायकल दोन महिने होत आले तरी तयार होत नाही!"