आतला खिसा

नळ सोडल्यावर तिच्या लक्षात आलं, की कोटाच्या आतला माणूस भलताच आहे.

डोंगर चढणाऱ्यांसाठी पावसाळी कोट बनवणारी त्यांची छोटी कंपनी होती. कोट तपासायला यंत्रबिंत्र नव्हतं. न्हाणीघरात शिपायाला कोट घालून उभं करायचं, वरून फवारा सोडायचा आणि पाणी कुठून शिरतं ते बघायचं. कोटांची चित्रं ती काढायची, म्हणून नळही तिच्याच हाती.

"थंड आहे हो!" टोपीतून अनोळखी आवाज आला.

"हलू नका. हात वर करा... तुम्ही कोण?"

"आजच रुजू झालोय. खर्च कमी करायला नेमलंय मला. शिवणकाकू म्हणाल्या, आधी कोट घाला, मग बोला."

दाराआड शिवणकाकू तोंडावर हात धरून हसत होत्या. नमुन्याचे कोट त्या शिवायच्या आणि खोड्याही त्याच काढायच्या.

तो बाहेर आला. कोट कुठेच गळला नव्हता, पण त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते. मापाची टेप हातात धरून ती बघतच राहिली...

"हा आतला खिसा कशाला?"

"पत्र ठेवायला."

"डोंगरावर पत्र?"

"डोंगरावरच तर वाचायला निवांतपणा मिळतो."

"परदेशातल्या कारखान्यात एका खिशाला चार मिनिटं जातात, बाई. आणि तिथली मजुरी दर वर्षी चढतेय." त्यानं चित्रातल्या खिशावर काट मारली — अगदी हलक्या हातानं.

शिवणकाकूंनी त्याच दिवशी त्याला 'कात्रीसाहेब' करून टाकलं.

सहा वर्षं असंच चाललं. दर मोसमात ती खिसा काढायची, तो खोडायचा. फोनवर सांगून भागलं असतं, पण खोडायला तो तीन जिने चढून यायचा. आणि ती, पायरीवर त्याचा बूट वाजला की पेन्सिलीला उगीच टोक करत बसायची.

मग मजुरी इतकी वाढली, की कारखाना दुसऱ्या, आणखी दूरच्या देशात न्यायचं ठरलं. घडी बसवायला दोन वर्षं कात्रीसाहेबांनी जायचं. निघताना तो तिच्या टेबलाशी घुटमळला.

"आता... काढाल ना खिसा?"

"खोडायला कोण आहे?"

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. खाली गाडीचा हॉर्न वाजला, आणि राहूनच गेलं.

तिकडून नमुन्यांची खोकी येत. प्रत्येक कोटाला पुठ्ठ्याची चिठ्ठी असे, तीवर तीन चौकोन : मंजूर, दुरुस्ती, रद्द. एकावर खूण करून ती चिठ्ठी परत पाठवायची. कधी कोपऱ्यात तो लिही, 'इथे आज धुकं आहे.' तेवढ्यावर तिचा महिना निघे. खिसा मात्र तिनं पुन्हा काढला नाही.

"नीट जेवत नाहीस हल्ली," काकू म्हणत.

"माल उशिरा येतोय ना, काकू. काळजी वाटते."

"मालाची वाट बघताना कुणी इतकं नीट केस विंचरून बसत नाही हो!"

दुसरं वर्ष सरता सरता एक खोकं आलं. आत एकच कोट, विटकरी रंगाचा. नमुने नेहमी पुरुषाच्या मधल्या मापाचे येत, तिच्या अंगात ढगळ होत. सवयीनं तिनं हात घातले... आणि थबकली. खांदा खांद्यावर बसला होता. बाही बरोबर मनगटाशी थांबली होती. त्यानं तिला कधी टेप लावली नव्हती. सहा वर्षं नुसतं पाहिलं होतं.

आत, डावीकडे, तिनं न काढलेला खिसा होता. शिवण वेडीवाकडी. खिशात नेहमीची तीन चौकोनांची चिठ्ठी, तीवर त्याचं अक्षर :

'इथलीही मजुरी चढली. कारखाना पुन्हा हलतोय, अजून लांब. तिकडे जायचं की घरी परतायचं, ते मी ठरवायचंय. खिसा मी स्वतः शिवला. चार नाही, चाळीस मिनिटं लागली. माप तेवढं कळवा.'

काकूंनी तिला फिरवून पाहिलं. "अंगाबरोबर बसलाय गं! कर मंजूर."

तिनं पेन उचललं. पहिल्या चौकोनावर ते क्षणभर थांबलं, पुढे सरकलं. 'दुरुस्ती'वर खूण करून तिनं खाली लिहिलं, 'बाही बोटभर लांब वाटते. माप समक्ष येऊन घ्यावे.'

काकूंनी चष्मा सावरून चिठ्ठी वाचली. मग बाहीकडे पाहिलं, मग तिच्या लाल झालेल्या कानांकडे.

"बोटभर कसली?" त्या म्हणाल्या. "चांगली दोन बोटं लांब आहे. तसंच लिही."