खिडकीतला सांबार आणि मेलेल्या मुंग्या

"मधल्या डब्यापाशीच काहून मेल्या ह्या?" इंदू खिडकीच्या फळीवर ओणवी होऊन बघत होती.

मारेगावातल्या तिच्या घराच्या या खिडकीत दिवसभर ऊन असे. अंगणात काही पेरायची सोय नव्हती, कारण शेजारच्या शेळ्या हिरवं दिसलं की फडशा पाडत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत इंदू, तांड्यावरची तिची मैत्रीण जमनी आणि जमनीचा भाऊ फुलसिंग यांनी खिडकीतच सांबार पेरला होता. पुण्या-मुंबईची माणसं ज्याला कोथिंबीर म्हणतात, तोच हा सांबार. धने रगडून त्यांनी फाकी केल्या आणि शेणखत कालवलेल्या मातीत टाकल्या. पत्र्याचे तीन डबे इंदूच्या काकांनी, मारोतरावांनी दिले होते. रिकामा डबा फेकून देतील तर ते मारोतराव कसले!

पेरल्या दिवसापासून मुंग्यांनी धने पळवायचा सपाटा लावला होता. कडेच्या दोन डब्यांत त्या मजेत चढत-उतरत होत्या. मधल्या डब्याभोवती मात्र त्यांचा सडा पडला होता.

"जागेचाच काही दोष असन," फुलसिंग म्हणाला.

"मंग जागा बदलून पाहू," असं म्हणून इंदूने फडक्यात धरून डबा कडेला नेला. दुपारपर्यंत मुंग्या कडेला मेल्या! मधली जागा बिचारी निर्दोष सुटली.

जमनीने डब्याची दुमडलेली कड निरखून पाहिली. तिच्या खाचेत पिवळट काहीतरी चिकटलं होतं. नाक जवळ नेताच ती मागे सरकली.

"हा वास मले माहीत हाय. आमचा बा भादव्यात कपाशीवर औषध मारून राह्यला होता, तवा असाच वास येत होता."

कपाशीवर औषध फवारायची ही टूम गावात नवीच होती. तिघं धावत मारोतरावांकडे गेली. ते अंगणात बाजेवर बसून सुतळी वळत होते.

"काका, तो डबा औषधाचा होता का?" इंदूने विचारलं.

"होता. मंग? राखेनं घासला हाय म्या. राखेनं घासलं का सारं जाते. आपल्या घरी असंच चालत आलं."

"असे डबे अजून कुठी हायत?" फुलसिंगने विचारलं.

"अजून एकच होता. तो इंदूच्या मायले देल्ला. आज घाण्यावरचं जवसाचं तेल त्यातच आणलं."

इंदूने घराकडे पाहिलं. आत चूल पेटली होती आणि तिची आई विमलताई शंकरपाळे तळायला बसल्या होत्या.

तिघं आत घुसली तेव्हा विमलताई कढईत तेल ओतत होत्या.

"माय, थांब. तो डबा विषाचा हाय."

"काहीबाही बोलू नको. भाऊजीनं राखेनं घासून देल्ला," असं म्हणत त्यांनी शंकरपाळ्यांचं ताट जवळ ओढलं.

समजावत बसायला वेळ नव्हता. जमनी शांतपणे म्हणाली, "काकी, त्या तेलात पाल पडली होती. म्या पाह्यली."

विमलताईंनी सांडशी उचलली आणि कढई खाली! पाल म्हटल्यावर वाद घालणारी बाई अजून मारेगावात जन्मायची होती.

"आधी सांगता येत नाई का, पोरी?"

गलका ऐकून मारोतराव आले. वाया जाणारं तेल पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी झाऱ्याने कढई ढवळली, डबा वाकडा करून पाहिला.

"पाल कुठी हाय?"

"पाल नाई, काका," जमनी म्हणाली. "पण विष म्हटलं तर तुमी ऐकत नाई. पाल म्हटलं का ऐकता."

मारोतराव रागावणार, तेवढ्यात इंदूने पळसाच्या पानावर गुळाचे दोन खडे ठेवले. एकावर बरणीतलं जुनं तेल सोडलं, दुसऱ्यावर डब्यातलं. पान मुंग्यांच्या वाटेत ठेवून सगळे उकिडवे बसले.

पहिल्या खड्यावर मुंग्यांची जत्रा भरली. दुसऱ्यावरही भरली, पण थोड्या वेळाने तिथल्या मुंग्या भेलकांडू लागल्या. मग एकेक करून पाय आखडून पडल्या.

मारोतराव खाली मान घालून बसले. "पयला घाणा लेकरायच्याच हातावर पडला असता," ते पुटपुटले.

त्यांनी हातोडा आणून दोन्ही डबे ठोकून चपटे केले. गावाबाहेर खोल खड्डा खणून डबे, तेल आणि त्या डब्यातली माती सगळं पुरलं. परत आल्यावर हातपाय धुऊन ते मुलांसमोर उभे राहिले.

"म्या लय वर्षं डबे घासले, पण असा इचार कधी केला नाई. तुमी तिघायनं आज घर वाचवलं."

विमलताईंनी जमनीला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाल नाई म्हटल्यावर मले तुहा लय राग आला होता, पोरी," त्या म्हणाल्या आणि कितीतरी वेळ त्यांनी तिला सोडलंच नाही.