नकाराचा नमुना

पडद्यावरचा आलेख हिरवा, गुळगुळीत होता आणि डॉ. शाल्मली देवस्थळी त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या. कोल्हापूरच्या या मज्जास्पर्श प्रयोगशाळेत येईल त्या पाहुण्याला तो आजवर कौतुकाने दाखवला गेला होता.

"म्हणजे ऊर्मिलाताईंना दुखत होतं," त्यांचे सहकारी डॉ. इरफान मुजावर म्हणाले, "आणि आपलं यंत्र ते दुखणं वाढवत होतं."

"कळलंय मला, इरफान."

"पण त्या बाहेर येऊन बसल्यात. त्यांना कोण सांगणार?"

ऊर्मिला चौगुले ऐन तिशीतली. शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवायची, आणि मैदानावर तिचा आवाज पलीकडच्या रस्त्यापर्यंत जायचा. मग स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया, केमो आणि संप्रेरकं दाबून टाकणाऱ्या गोळ्या. गाठ गेली, केस परत आले. पण नव्याने घडवलेल्या स्तनाची त्वचा मुकी झाली, गोळ्यांनी अंग आतून कोरडं पडलं आणि इच्छा आटली. आधीच्या डॉक्टरांपैकी एकानेही तिला यातलं काही विचारलं नव्हतं. जीव वाचला ना, मग बाकीचं काय घेऊन बसायचं, असा एकूण सूर. असा सूर लावणाऱ्यांचं स्वतःचं सगळं जागच्या जागी असतं, ही गोष्ट वेगळी.

अशा तरुण बायकांसाठी शाल्मलीबाईंनी 'स्पर्शसेतू' बनवला होता. त्वचेखाली बसवायचा एक तलम पडदा, ओटीपोटातल्या मज्जातंतूंनाही जोडलेला. तो स्पर्श टिपायचा आणि मेंदूकडे धाडायचा. हवासा स्पर्श वाढवायचा, नकोसा दाबायचा. अडचण एवढीच की हवंसं काय आणि नकोसं काय, हे त्याला उपजत कळत नव्हतं. प्रत्येकीचं शरीर होकार-नकार वेगळ्या तऱ्हेने देतं. म्हणून सुरुवातीला बाईने तोंडाने सांगायचं, आणि यंत्राने त्या क्षणीचा तिच्या शरीराचा ठसा त्या शब्दाशी जोडून ठेवायचा.

आणि बायका काय सांगत होत्या? "चालेल."

यंत्राने त्याला होकार मानलं आणि आलेख हिरवा काढला. जे जे ऊर्मिला दात आवळून सहन करत गेली, ते ते त्याने इमानाने वाढवलं. काल तिच्या नवऱ्याने, रणधीरने, फोन केला होता. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही, चालतंय.

इरफाननी तिला आत बोलावलं. रणधीर बाहेरच बसला. स्पर्शसेतूची स्पर्श वाढवण्याची क्रिया तेवढी बंद केली होती, नोंद चालू होती. इरफाननी झालेली चूक सगळी सांगितली. ऊर्मिला मान खाली घालून ऐकत होती, जसं काही चूक तिचीच होती.

"दुरुस्ती होईल," ते म्हणाले. "पण यंत्राला दोन टोकं लागतात, ताई. एक खरं हो आणि एक खरं नाही. फरकातून शिकतं ते. तुमच्याकडून त्याला 'नाही' अजून मिळालेलंच नाही."

"मग आता नवऱ्याला नाही म्हणून दाखवू होय इथं?"

"नको नको. कशालाही म्हणा. एका शरीरात नकाराचा ठसा एकच असतो. ताटात जबरदस्तीने वाढलेली जिलबी असो, नाहीतर अंगावरचा हात."

त्यांनी कँटीनचा चहा मागवला. कोमट, वर साय धरलेला. "घेणार?"

"चालेल," ऊर्मिला म्हणाली आणि कपही संपवला. आलेख हिरवाच राहिला. इरफाननी कपाळाला हात लावला. तिलाही हसू आलं, पण ते लगेच विरलं.

"नाही येत मला, सर. मैदानावर येतं, पोरींवर ओरडताना. घरी नाही येत. केमोच्या वेळी माझी उलटी त्यानं हातात झेललीय. रजा टाकून उशाशी बसायचा. त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू? आधीच वाटतं, एवढ्या तरण्या माणसाच्या गळ्यात मी हे असलं अंग बांधलं."

"त्यांना हे ठाऊक आहे?"

"नाही. कालपर्यंत त्याला वाटत होतं, तुमच्या यंत्रानं मला बरं वाटायला लागलंय. तेवढंच समाधान त्याला. काल त्याला रडू दिसलं, तरी मी चालतंयच म्हटलं."

शाल्मलीबाई इतका वेळ आलेखापाशी उभ्या होत्या. आता त्या तिच्या समोर येऊन बसल्या.

"ऊर्मिला, चूक यंत्राची नाही. प्रश्नाची आहे. आणि प्रश्न मी लिहिला होता."

"कसला प्रश्न?"

"प्रत्येक स्पर्शानंतर यंत्र तुम्हाला विचारायचं, 'चालेल ना?' आधी मी तिथे 'आवडतं का?' लिहिलं होतं. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीच्या बैठकीत ते वाचलं आणि दोघेतिघे खाकरले, एक जण हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, असं काही बायकांना विचारतात का? त्याच बैठकीत मी शब्द बदलला."

"बदलल्यावर काय होणार, ते कळलं नव्हतं तुम्हाला?"

खोटं बोलायला इथे जागा होती. शाल्मलीबाईंनी ती घेतली नाही.

"कळलं होतं. मी स्वतः घरी आयुष्यभर 'चालेल' म्हणत आलेय. त्याचा अर्थ मला नाही कळणार तर कुणाला? पण आलेख इतका छान येत होता, की मी गप्प बसले."



"मला वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलंय," ऊर्मिला हळू म्हणाली. "एवढं मोठं यंत्र सांगतंय गोड आहे म्हणून, आणि मला सुरी फिरल्यागत होतंय. म्हणजे मीच मेली नालायक. रोज हेच घोकत झोपायची मी. आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो. लाज वाटते मला." शाल्मलीबाई म्हणाल्या. "माफ कराल मला?"

सवयीचा शब्द ऊर्मिलाच्या ओठांवर आला होता. तो आलेला दोघांनाही दिसला. तिने तो गिळला.

"नाही," ती म्हणाली.

पडद्यावर हिरवी रेघ तुटली आणि लाल शिखर उभं राहिलं. उंच आणि स्वच्छ. इरफान पुढे वाकले. "मिळाला," ते पुटपुटले. त्यांना जे हवं होतं ते सगळं त्या शिखरात होतं. आता हा ठसा दिसला, की ऊर्मिलाने तोंडाने काहीही म्हटलं तरी यंत्र थांबणार होतं.

"हा नमुना वापरला तर चाले..." शाल्मलीबाई बोलता बोलता थबकल्या. "वापरावा असं तुम्हाला वाटतं का?"

"वापरा," ऊर्मिला म्हणाली. तिने डोळे पुसले आणि उठली. "आणि रणधीरला आत बोलवा. त्याला मीच सांगते. पण एक सांगून ठेवते मॅडम, वापरा म्हटलं, त्यात माफी धरू नका."

शाल्मलीबाईंनी मान हलवली. त्यांना माफी फार हवी होती. पण ती मिळाली असती तर हा नमुना खोटा ठरला असता, आणि ही मुलगी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली असती. त्यांनी तो नकार जतन केला, आणि रणधीरला बोलवायला स्वतःच बाहेर गेल्या.