आधी उत्तर, मग गोष्ट

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, आणि त्याचा रेनकोट त्याच्या अंगावर नव्हता. मशीनच्या अंगावर होता. स्वतः नखशिखांत भिजलेला, आणि दोन्ही हातांत रेनकोट घातलेलं शिलाई मशीन! मला हसू आवरेना.

"आईचं आहे," तो म्हणाला. "टाके सोडतंय. हे भिजलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं."

"आणि तुम्ही भिजलात त्याचं काय?"

"मी वाळतो हो... हे गंजतं."

खरं सांगते, मी तिथंच निम्मी विरघळले. यंत्राची अशी काळजी घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे वर्षातून एखादं येतं. मी त्याला पुसायला टॉवेल दिला, तर पठ्ठ्यानं आधी मशीन पुसलं.

"पत्ता तुमच्या ब्लॉगवर मिळाला," तो म्हणाला, आणि माझी कळी खुलली. पण ती दोनच वाक्यं टिकली. कारण पुढे तो म्हणाला, "खरं तर मी दहा सेकंदांत बाहेर पडणार होतो. टाके का सुटतात हे शोधत आलो, तर वर तुमच्या लहानपणच्या आठवणी. उत्तर पार तळाशी."

"मग पडायचं होतंत बाहेर!" मी म्हणाले.

आतून मामांचा खोकला ऐकू आला. मामा खोकले की समजावं, हसू दाबताहेत.

आता हा ब्लॉग काय, ते सांगते. दुकान मामांचं. चाळीस वर्षं ते शिलाई मशीनं दुरुस्त करताहेत. नुसत्या आवाजावरून सांगतील, सुई वाकडी आहे की बॉबिनपाशी दोरा अडकलाय. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. पण दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो. एकदा सुईचा बारीक स्क्रू त्यांच्या चिमटीतून तीनदा पडला. चौथ्यांदा त्यांनी तो मुकाट्यानं माझ्या तळव्यावर ठेवला, आणि मला इतकं भरून आलं की मी स्क्रूकडेच बघत बसले. त्या दिवसापासून मी लिहायला लागले. मामांच्या बोटांतलं सगळं कुठंतरी उतरून ठेवायचं होतं, ते हरवायच्या आत. त्याचं पुस्तक व्हावं म्हणून मी एका प्रकाशनाला पत्र पाठवलं. संपादकबाईंनी कळवलं, 'ब्लॉगला महिन्याला हजार भेटी होऊ द्या, मग बघू. वर्षअखेरपर्यंत वाट पाहते.'

"महिन्याला सहाशे चाळीस भेटी होतात म्हटलं!" मी त्या भिजलेल्या माणसाला ऐकवलं.

"बघू का जरा?" तो म्हणाला. "माझं कामच ते आहे. एका वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, कुठं थांबलं, कुठून परत गेलं... दिवसभर तेच बघत बसतो."

मशीन न्यायला तो शनिवारी आला, तेव्हा मी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तो एकेक पान उघडून बघत गेला. मग खुर्ची माझ्याकडे वळवून हळूच म्हणाला, "एक विचारू? रागावू नका... तुम्ही स्वतः दिवसातून किती वेळा ब्लॉग उघडता?"

"उघडते की. कुणी आलं का बघायला."

"प्रत्येक वेळी तुम्हीच आलेल्या असता."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कान तापले. मी दुकानातून उघडत होते, मोबाईलवरून उघडत होते, आणि मामा गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांच्या मोबाईलवरून उघडत होते. त्यानं एक यादी केली, ज्यांच्या भेटी मोजायच्या नाहीत त्यांची. पुढच्या महिन्यात आम्हाला वगळून आकडा आला. दोनशे बारा.

"एवढेच?" माझा आवाज चिरका झाला. "वर्षभर घासून लिहितेय मी!"

"एवढेच," तो म्हणाला. त्यानं गोड करून सांगितलं नाही, पाठीवर थोपटलं नाही. फक्त त्याची खुर्ची आणखी जवळ ओढली. "पण हे दोनशे बारा खरे आहेत, मिस्त्री. यांच्याशी बोलता येईल."

मला 'मिस्त्री' म्हणणारा तो पहिलाच. मामांनी लगेच त्याचंही बारसं करून टाकलं, 'आकडेमोडे'.

मग दर शनिवारी आकडेमोडे यायला लागले. घेऊन यायचे एक वही आणि न्यायचे माझी शांतता. त्याला आकड्यांमागे माणसं दिसायची, हे मला हळूहळू कळत गेलं. "ही बघा," तो पडद्यावर बोट ठेवायचा, "'मशीन दोरा तोडतंय' असं लिहून शोधत आली. समोर अर्धवट शिवलेलं काहीतरी पडलंय, जीव मेटाकुटीला आलाय. तिला तुमचं बालपण आत्ता नकोय हो. आधी तिचा दोरा सोडवा."

"मग माझी गोष्ट?"

"नंतर. एकदा का दोरा सुटला, की ती निवांत बसून गोष्ट वाचेल. आधी उत्तर, मग गोष्ट."

मी भांडले. अहो, कडाकडा भांडले! माझ्या लेखाचं नाव होतं 'एका सुईचं मनोगत'. ते बदलून 'मशीन टाके सोडतंय? आधी सुई तपासा' करायचं म्हणजे काय! दोन दिवस मी तोंड फुगवून होते. तिसऱ्या दिवशी बदललं. आठवड्याभरात त्या एका पानावर साठ जणं आली, आणि साडेचार मिनिटं थांबली. तळाशी असलेलं माझं बालपणसुद्धा वाचून गेली. मी शनिवारची वाट न बघता त्याला फोन केला आणि आनंदाच्या भरात नमस्कारसुद्धा करायची विसरले.

"साठ!" मी ओरडले.

"बासष्ट," तो म्हणाला. त्याचंही आधीच बघून झालं होतं.

त्यानं दाखवलं की माझे वाचक दुपारी दोन ते चारमध्ये येतात, आणि मी मात्र रविवारी संध्याकाळी लेख टाकून बसते. वेळ बदलली. एका लेखातून दुसऱ्याकडे वाट करून दिली. जिथून लोक उठून जात होते तिथं मामांच्या हातांचे फोटो टाकले... थरथरत्या हातांचे. मामा नको म्हणत होते. तो त्यांच्याशेजारी स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मामा, या फोटोपाशी लोक थांबतील. माझी आईसुद्धा थांबेल. हे हात ओळखीचे वाटतात." मामांनी हात पुढे केला. त्या क्षणी मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं वर पाहिलं... आणि मी उगाचच तेलाची बाटली शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

सातशे झाले. मग आठशे चाळीस. आणि वर्षाचा शेवटचा महिना उजाडला.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत आकडा कळवायचा होता. अकरा वाजता पडद्यावर होते नऊशे एक्क्याण्णव. साडेअकराला, नऊशे एक्क्याण्णव. बाराला पाच कमी असताना... तेच. नऊ! फक्त नऊ! मामा आत एका मशीनशी झटत होते आणि स्क्रू खाली पडल्याचा बारीक आवाज आला. आणि मला काय झालं कोण जाणे, मी ती यादी उघडली. न मोजायच्यांची. एक ओळ पुसायची, बस्स. शेजारीच लिहिलेलं असतं या महिन्यात कुणाच्या किती भेटी वगळल्या. माझ्या एकटीच्याच दीडशे होत्या. हजार काय, साडेअकराशे होतील! कुणाला कळणार होतं?

यादीत चार ओळी होत्या. दुकान. मामा. मिस्त्री. आणि मिस्त्रीच्या खाली — मी.

मी म्हणजे तो. यादी त्यानं केली होती, पहिल्याच शनिवारी. त्या ओळीसमोर आकडा होता एकतीस. महिन्याचे दिवस झाले होते एकतीस. मी ओळ उघडून बघितली. रोज सकाळी, सात चाळीस. एकही दिवस चुकला नव्हता. त्याच्या आईचं मशीन तर केव्हाच बरं झालं होतं.

तो स्वतःला मोजू देता, तर माझे हजार केव्हाच झाले असते. त्याला ते माहीत होतं, आणि तरी गेले कित्येक शनिवार तो समोर बसून मला 'अजून थोडे हवेत' म्हणत होता. मला रडू आलं, हसूही आलं, आणि स्वतःची लाज वाटली ती वेगळीच. मी यादी होती तशी बंद केली. संपादकबाईंना लिहिलं : 'नऊशे एक्क्याण्णव. आम्हा घरच्यांना आणि एका रोजच्या वाचकाला वगळून.'

संध्याकाळी तो आला तेव्हा मी सरळ विचारलं, "सात चाळीसला काय करता तुम्ही?"

त्याच्या हातातली वही खाली पडली. "बसची वाट बघतो... समोरच्या स्टॉपवर."

"समोरच्या? आमच्या दुकानासमोरच्या?"

"तुम्ही मागच्या खोल्यांत असता ना. शटर नऊला उघडतं." तो वही उचलायला वाकला आणि वाकूनच राहिला. "तेव्हा तुमचं जुनं काहीतरी वाचतो. मशीनचं नाही. तळाशी असतं ते."

"मग मोजलं का नाहीत स्वतःला?"

"कारण मी वाचायला येत नाही, मिस्त्री," तो उठून उभा राहिला. "तुम्ही बोलताय असं वाटतं... ते ऐकायला येतो. ते तुमच्या आकड्यात घातलं असतं तर लबाडी झाली असती."

आत मामांचा खोकला वाढला होता. मी त्याच्या हातातली वही घेऊन तिचे कोपरे सरळ करायला लागले. मीच ती, कडाकडा भांडणारी!

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "दुरुस्तीचं काही नसताना... आकडेही बघायचे नसताना... मी येत जाऊ का? म्हणजे, कायमचं?"

"बघू," मी म्हणाले. बघू! एवढं चांगलं उत्तर असताना माझ्या जिभेनं 'बघू' म्हणावं! तो मान हलवून निघून गेला, आणि मामा आतून म्हणाले, "शाबास गं भाचीबाई. स्क्रू तरी बरा, पडला तर सापडतो."

रात्री ई-मेलवर संपादकबाईंचं पत्र आलं. 'हजाराच्या वर सांगणारे रोज येतात. स्वतःला वगळून मोजणारी तुम्ही पहिलीच. पहिलं प्रकरण पाठवा.' मी ते मामांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हातांचे फोटो घेतील ना?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी दुकानात होते. शटर बंदच ठेवलं. आधी ती यादी उघडली आणि चौथी ओळ पुसली. मग नवा लेख टाकला. मथळा होता, 'दुरुस्तीचं काही नसताना यावं का?' आणि खाली, जसं त्यानं शिकवलं होतं तसं, सगळ्यात आधी उत्तर लिहिलं होतं :

'हो. कायमचं.'

त्याखाली गोष्ट होती. पावसाची, रेनकोट घातलेल्या मशीनची, आणि आधी मशीन पुसणाऱ्या माणसाची. चांगली लांबलचक, जीव ओतून लिहिलेली.

सात चाळीस झाले. पडद्यावर दिसलं : आत्ता वाचताहेत — एक.

मी खुर्ची पुढे ओढली. पण लगेच तो आकडा शून्य झाला. शेजारी वेळही आली होती, चार सेकंद. एवढी गोष्ट लिहिली, आणि हा माणूस चार सेकंदांत बाहेर!

तेवढ्यात शटर वाजलं.